सायलसकाकांचा ‘जा’

लिंडेनची झाडं फुलली की मला परीक्षेचा वास येतो. आमच्या र्युसेल्सहाइममध्ये स्टेशनकडून प्रौढांच्या शाळेकडे, म्हणजे फोक्सहोखशूलेकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना ही झाडं आहेत. जूनच्या मध्यावर ती फुलतात. फूल बघायला गेलं तर काहीच नाही, पानाआड लपलेला पिवळट झुबका. वास मात्र असा गोड की रस्ता संपला तरी नाकातून जात नाही. खाली उभ्या असलेल्या गाड्यांवर या झाडांचा चिकटा पडतो आणि अख्खं गाव मोटारी बनवून जगत असल्यामुळे शेजारीपाजारी त्यावर मनापासून हळहळतात.

आता त्याच शाळेत मी जर्मन शिकवते. या आठवड्यात परीक्षेची यादी दारावर लागली आणि माझे विद्यार्थी बसस्टॉपवर उभे राहून क्रियापदं पुटपुटायला लागले. त्यांना बघितलं की मला माझं बाक आठवतं, खिडकीजवळचं, शेवटून दुसरं. आणि माझ्या मागच्या बाकावरची ती मोठी, विणलेली, जरा एका बाजूला कललेली टोपी आठवते.

दोन हजार सालानंतरचं ते पहिलं दशक निम्म्याहून पुढे सरकलं होतं. माझा नवरा मिलिंद इथल्या मोटार कंपनीत ब्रेकवर काम करायचा आणि मी त्याच्या मागोमाग आले होते. त्याआधी सहा वर्षं मी रत्नागिरीच्या एका शाळेत मराठी शिकवलं होतं. माझा आवाज माइकशिवाय शेवटच्या बाकापर्यंत जायचा, आणि शेवटच्या बाकावरची कार्टी त्याला टरकून असायची. इथे आल्यावर तो आवाज कुठे गेला कोण जाणे. बेकरीत दोन पाव हवे असले तर मी दोन बोटं दाखवायची. घरी फोन वाजला की स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला लागायची. मिलिंदनेच मग फोक्सहोखशूलेत नाव घातलं.

पहिल्या दिवशी फ्राउ हेल्विग या आमच्या शिक्षिकेने प्रत्येकाला उभं करून नाव आणि काम विचारलं. सगळ्यांनी वर्तमानकाळात उत्तरं दिली, कारण आम्हाला तेवढाच येत होता. ‘मी शिक्षिका आहे,’ असं मीही म्हणून टाकलं. मग मागून एक खोल, जरा चरा पडलेला आवाज आला. ‘इश वार झेंगर.’ मी गायक होतो. वर्गात भूतकाळ बरोबर वापरणारे ते एकटेच निघाले. फ्राउ हेल्विगने कौतुकाने मान डोलावली, आणि मी मागे वळून बघितलं. साठीचे गृहस्थ, दाढी करडी, टोपीखाली जटांचा भारा. नाव सायलस, गाव जमेकाच्या डोंगरात.

मधल्या सुट्टीत आमची ओळख झाली ती नीरफणसामुळे. त्यांना घराची आठवण कशाने येते असं मी मोडक्या इंग्रजीत विचारलं, तर त्यांनी हाताने एवढं मोठं गोल फळ दाखवलं, निखाऱ्यावर भाजायचं, म्हणाले, अंगणात झाड होतं. मी जवळजवळ ओरडलेच. अहो, आमच्याकडे त्याचे काप करतात, तांदळाच्या पिठात घोळवून! जर्मनीत येऊन वर्ष झालं होतं आणि पहिल्यांदाच कुणाला तरी मी काय खाऊन मोठी झाले ते कळलं होतं. त्या दिवसापासून ते माझे सायलसकाका झाले. त्यांनी मला नावाने हाक मारण्याचा प्रयत्न दोनदा केला आणि वैजयंतीचे पार तुकडे पडल्यावर सोडून दिला. मग ते मला ‘टीचर’ म्हणायला लागले. त्या एका शब्दाने मला त्या उन्हाळ्यात किती उभं धरलं, हे मी त्यांना कधी नीट सांगितलं नाही. इथे सांगते.

त्यांचं गाण्यातलं आयुष्य मला रोज वीस मिनिटांच्या सुट्टीत, तुकड्यातुकड्याने ऐकायला मिळालं. चर्चमध्ये गाऊन गळा तयार झालेला. सोळाव्या वर्षी ते शहरात, किंग्स्टनला आले आणि एका स्टुडिओमागच्या अंगणात रांगेत उभे राहिले. आत एकच माइक. एकदा गायचं, मालक मान हलवणार किंवा ‘पुढचा’ म्हणणार. त्यांच्या वेळी मान हलली. तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर नाव छापलं होतं ‘सायरस’. दुरुस्त करून घ्यायची सोय नव्हती, म्हणून ते दोन वर्षं सायरस म्हणूनच गायले. मग एका दुपारी रस्त्याने आंबा खात चालले असताना कोपऱ्यावर रचलेल्या कपाटाएवढ्या कर्ण्यांतून त्यांचाच आवाज त्यांच्या अंगावर आला. ‘आंबा पडला,’ ते म्हणाले, ‘आणि मी उचलला नाही.’ आंबा पडू देण्याइतका आनंद म्हणजे काय, हे रत्नागिरीच्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही.

पुढे सहा-सात तबकड्या, एक मोठी रेकॉर्ड. शेतावरच्या कष्टाची गाणी, गुलामीत आणलेल्या पूर्वजांची गाणी, आणि देवाची. मग एका वाद्यवृंदाबरोबर ते जर्मनीत आले. माइन्झमध्ये स्पीकर उचलताना बोट चिरडलं, पट्टी बांधायला रेनाटे नावाची नर्स होती. वाद्यवृंद परत गेला, सायलसकाका राहिले. आठवडाभर कारखान्याच्या गोदामात काम आणि शनिवार-रविवारी युवक केंद्रांत, उन्हाळी जत्रांत गाणं, असं वीस वर्षं चाललं. या वीस वर्षांत त्यांना जर्मन शिकावं लागलं नाही, कारण रेनाटेला इंग्रजी येत होतं आणि कागदपत्रं, कचेऱ्या, घरमालक हे सगळं ती बघायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. पत्रं यायची थांबली नाहीत. ती वाचता यावीत म्हणून ते वर्गात आले होते.

एकदा त्यांनी त्यांची एक जुनी तबकडी मला दाखवायला आणली. पुढच्या बाजूला गाण्याचं नाव, मागच्या बाजूला तेच नाव आणि खाली ‘व्हर्शन’. हे काय, म्हणून मी विचारलं. तेच गाणं, ते म्हणाले, पण गायकाचा आवाज काढून टाकलेला. नुसता ढोल आणि बास, आणि मधूनच कुठेतरी आवाजाचा एखादा तुकडा, शेजारच्या घरातून कुणी हाक मारल्यासारखा. मी म्हटलं, सायलसकाका, म्हणजे जर्मनीत मी व्हर्शनच आहे. ते एवढे हसले की फ्राउ हेल्विग बाहेर येऊन बघून गेली. हसणं ओसरल्यावर म्हणाले, ‘मी पण, टीचर.’

तेव्हा मला कळलं. त्यांची एक रेकॉर्ड अर्धी पडून होती. माइन नदीपलीकडच्या गावात ऊवं नावाच्या ध्वनिमुद्रकाचा स्टुडिओ होता, जुन्या बेकरीच्या तळघरात. रेनाटे आजारी पडण्याआधी तिथे आठ गाण्यांचं संगीत वाजवून तयार झालं होतं. आवाज एकावरही चढला नव्हता. ऊवं दर महिन्याला फोन करायचा आणि काका दर महिन्याला सांगायचे की गळा बरा नाही. गळ्याला काहीही झालेलं नव्हतं. तोंड उघडलं की गाणं येत नव्हतं, एवढंच. शेवटची रेकॉर्ड मुकीच राहणार, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

याच सुमारास माझ्या सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या. त्यांना जर्मनीत सगळं आवडलं, फक्त इथली माणसं आवडेनात. कारण विचारलं तर फणकारून म्हणाल्या, ‘उठसूट जा जा काय म्हणतात गं? काल मी दारात उभी होते तर ती शेजारीण हसून मला म्हणते, जा! माझ्या मुलाच्या दारातून मला हाकलते?’

‘अहो आई, इथे जा म्हणजे हो!’

‘असेल. पण म्हणायची पद्धत असते की नाही?’

हे प्रकरण जेमतेम निवळतंय तोवर मी सायलसकाकांनी दिलेली सीडी घरात लावली, त्यांच्या जुन्या गाण्यांची. दुसऱ्याच गाण्याला सासूबाई भाजी निवडायची थांबल्या. ‘आता हा कोणाला जा जा करतोय?’ मी समजावलं की हा तिसराच जा आहे. त्यांच्या जटाधारी पंथात देवाला ‘जा’ म्हणतात. सासूबाईंनी थोडा वेळ ऐकलं. ‘आवाज चांगला आहे,’ त्या म्हणाल्या, ‘पण देवाला असं जा म्हणू नये. खरंच गेला म्हणजे?’

दुसऱ्या दिवशी मी हे काकांना सांगितलं. आधी ते खूप हसले. मग विचारलं, तुमच्या भाषेत जा म्हणजे काय? निघून जाणं, मी म्हटलं. त्यांचं हसू तिथल्या तिथे थांबलं. मला वाटलं, मी त्यांच्या देवाचा अपमान केला.

त्यानंतर दोनच दिवसांनी माझी एक फजिती झाली. तोपर्यंत मी वर्गातून निघताना सगळ्यांसारखं ‘च्यूस’ म्हणून मुकाट्याने सटकत असे. त्या दिवशी मला एक अवघड वाक्यरचना जमली होती आणि अंगात जरा वारं शिरलं होतं. पिशवी उचलली, दारात वळले आणि चांगल्या खणखणीत, रत्नागिरीच्या आवाजात म्हणाले, ‘इश कोमे!’ आपण येते म्हणतो ना, तेच, अक्षर अन् अक्षर जर्मनमध्ये. मला अभिमानच वाटला.

तासाभराने घरी लक्षात आलं की डबा वर्गातच राहिला. परत गेले. शाळेत सामसूम होती आणि आमच्या वर्गात, माझ्या बाकावर सायलसकाका बसले होते. समोर मशीनमधल्या कॉफीचे दोन कप.

‘तुम्ही अजून इथे?’

‘तू म्हणालीस ना, टीचर, की येते. म्हटलं, येईलच. कॉफी मात्र गार झाली.’

मला हसू फुटलं आणि लाजही वाटली. मी त्यांना समजावून सांगितलं की आमच्याकडे निघताना ‘जाते’ म्हणायचं नसतं. पोराने चुकून जातो म्हटलं की आई लगेच म्हणते, जातो नाही रे, येतो म्हणावं. कुठेही निघा, येतो म्हणूनच उंबरा ओलांडायचा. जो गेला तो मेलेला.

काकांनी टोपी काढून बाकावर ठेवली. मग म्हणाले, ‘आमच्याकडे निघताना म्हणतात, मी गॉन. मी गेलो. सगळे म्हणतात, रोज. शनिवारी जत्रेत माझं गाणं होतं, रेनाटे हॉस्पिटलात होती. तीच म्हणाली, जा, गाऊन ये. मी दारातून म्हणालो, मी गॉन. तिने हात वर केला. मी गायलो, टीचर. चांगला गायलो. परत आलो तर पलंगावर नवी चादर घातलेली होती.’ एका कपातली गार कॉफी त्यांनी दुसऱ्या कपात ओतली. ‘आता गायला तोंड उघडलं की आधी ते दोन शब्द येतात. त्यांच्यामागे गाणं येत नाही.’

शिक्षकाला सुचलं नाही की तो फळ्याकडे वळतो. मी वही काढली.

‘पण जो परत येणार नाही हे माहीत असतं,’ त्यांनी विचारलं, ‘तो काय म्हणतो?’

‘तोही येतोच म्हणतो.’

‘लिहून दे.’

मी रोमन अक्षरांत दोन ओळी लिहिल्या. पुरुषाने म्हणायचं ‘येतो’, बाईने म्हणायचं ‘येते’. पुढे बाण काढले, बाणांपुढे छोटी चित्रं, एक टोपीवाला आणि एक वेणीवाली. दोन्ही शब्द त्यांच्याकडून पाच-पाचदा म्हणून घेतले. उच्चार छान जमले. कागदाची घडी घालून त्यांनी ती टोपीत ठेवली.

जुलैच्या पहिल्या शनिवारी परीक्षा झाली. लिंडेनचा बहर ओसरत आला होता, फुटपाथवर पिवळा चुरा पडला होता. तोंडी परीक्षा जोडीने असते आणि फ्राउ हेल्विगने आमची जोडी लावली होती. विषय मिळाला, सहकारी निवृत्त होतोय, त्याच्यासाठी निरोपाचा कार्यक्रम ठरवा. मी ठरवल्याप्रमाणे म्हटलं, मी केक आणते. फुलं कोण आणणार, टेबलं कोण मांडणार, सगळं नीट चाललं होतं. मग परीक्षक बाईंनी काकांना विचारलं, आणि तुम्ही काय करणार? उत्तर आम्ही पाठ केलं होतं, मी पेयं आणतो. सायलसकाकांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘इश झिंगं.’ मी गातो.

वर्तमानकाळ! मी पुढचं सगळं विसरले. केक परत एकदा आणायचा ठरवला. बाहेर पडताना घाईत परीक्षकांनाही ‘इश कोमे’ म्हणून बसले. ते बिचारे एकमेकांकडे बघायला लागले, तर काका गंभीरपणे म्हणाले, ‘जा, गेनाऊ.’ हो, अगदी बरोबर. आणि झाडाखाली येऊन त्यांनी ऊवंला फोन लावला.

पुढच्या शनिवारी दुपारी मी, मिलिंद आणि सासूबाई त्या बेकरीच्या तळघरात होतो. भिंतींना अजून भाजल्या पावाचा वास येत होता, निदान मला तरी आला. काचेपलीकडे सायलसकाका, कानांवर हेडफोन, टोपी काढलेली, जटा कमरेपर्यंत. पहिल्या गाण्याला दोनदा आवाज फुटला. ऊवंने फक्त टेप मागे घेतली. तिसऱ्यांदा गाणं आलं. ज्या आवाजाने आंबा पडला होता तो हा आवाज, म्हातारा झालेला, चरा पडलेला, पण जागेवर आलेला. मी रडले. मिलिंदने रुमाल दिला आणि मग स्वतःसाठी परत मागून घेतला.

सात गाण्यांना जुने शब्द होते. आठव्याला नुसती चाल होती. त्यांनी डोळे मिटले आणि ध्रुवपद म्हणून दोनच शब्द घेतले, परत परत, बासच्या ठोक्यावर. ‘जा… येते. जा… येते.’

पहिल्यांदा मला आनंदाने काही दिसेना. दुसऱ्यांदा माझ्यातल्या मराठीच्या बाई जाग्या झाल्या. येते? लिहून दिलं होतं, चित्र काढून दिलं होतं! गाणं संपल्यावर मी न राहवून काचेपलीकडे सांगितलं, सायलसकाका, पुरुष येतो म्हणतात. परत घेऊ या? ऊवंचा हात बटणावर गेला.

काकांनी हेडफोन काढले. ‘लास, टीचर,’ ते म्हणाले. राहू दे.

मला वाटलं, दमले. सहा दशकांच्या गळ्याला आणखी किती ताण द्यायचा? रेकॉर्ड शरद ऋतूत निघाली. थोड्याच प्रती निघाल्या, पण जर्मनीतल्या आणि जमेकातल्याही जुन्या जाणत्यांनी ती उचलून धरली. नाव या वेळी बरोबर छापलं होतं. काका त्यानंतर पाच उन्हाळे गायले, शेवटच्या उन्हाळ्यात खुर्चीत बसून. आता ते माइन्झला रेनाटेशेजारी आहेत. माझा आवाज मला कधी परत मिळाला ते नेमकं सांगता येणार नाही. पण परीक्षेनंतर बेकरीत मी बोटं दाखवली नाहीत, आणि दोन वर्षांनी फ्राउ हेल्विगनेच मला त्याच शाळेत शिकवायला बोलावलं. पहिल्या दिवशी मी आधी मागच्या बाकावर बघितलं. मला टीचर म्हणणारा माणूस तिथे बसून गेला होता, हे केवढं भाग्य.

ती ‘येते’ची चूक मात्र मला खुपत राहिली. सीडी लावली की आठव्या गाण्याला मी उगीच पाणी प्यायला उठायची. रेकॉर्ड निघाल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाई परत आल्या. एका सकाळी त्या शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या, मी कणीक मळत होते, आणि ते गाणं लागलं. मी म्हटलं, बघा ना आई, एवढं सुंदर गाणं आणि माझ्याच भाषेत चुकलं. एवढं शिकवूनही येतो न म्हणता येतेच म्हणाले.

सासूबाईंनी शेंग खाली ठेवली.

‘मास्तरीण ना तू? तो त्याचं कुठे सांगतोय? तिचं सांगतोय. त्या दिवशी हॉस्पिटलात तिने हात वर केला होता, तूच सांगितलंस ना, तेव्हा ती जे म्हणाली असेल ते.’

माझे हात कणकेत तसेच राहिले. लास, टीचर. पूर्ण वर्ष मी त्या माणसाची चूक सांभाळत बसले होते, आणि त्याने माझ्या वहीतले दोन्ही शब्द नीट वाचून त्यातला एक निवडला होता. कणकेच्या हातानेच मी त्यांना फोन लावला. रिसीव्हरला पीठ लागलं. मी म्हटलं, काका, तुम्ही चुकला नव्हतात. येते रेनाटे म्हणते ना?

पलीकडून तो खोल आवाज आला, हसरा.

‘जा.’

त्यातला जा कुठला, हे मी विचारलं नाही.